रोज एकच फोटो, पण खरा

मालेगावात लुंगी-साडीचा व्यापार करताना आमची सारी भिस्त दलालावर आणि दुकानाची पायरी चढणाऱ्या गिऱ्हाइकावर होती. 2020 च्या टाळेबंदीत दोन्ही थांबले. तेव्हा भाच्याने आमच्या मोबाईलवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस सुरू करून दिले.

उत्साहाच्या भरात आम्ही एका दिवशी 40 फोटो टाकले, मग पंधरा दिवस एकही नाही. नांदेडच्या जुन्या दुकानदाराचा फोन आला, "शेठ, धंदा बंद केला का?" स्टेटस 24 तासांत पुसले जाते, हे आमच्या ध्यानीच नव्हते. तेव्हापासून रोज सकाळी एक फोटो; शुक्रवारी सुट्टी.

दुसरी चूक महागात पडली. ट्यूबलाईटखाली काढलेला फोटो भाच्याने आणखी झळकदार केला. डाळिंबी साडी लालभडक दिसली. 60 साड्यांचा गठ्ठा परत आला, जाण्यायेण्याचे भाडे आमच्या अंगावर. रागावणार कोणावर? मालातला ऐब आधी सांगावा, हे तर वडिलांनीच शिकवले होते. आता कापड दारात, सकाळच्या उजेडात धरतो. रंग पक्का की कच्चा, लांबी, पन्हा, भाव, सारे खाली लिहितो. "भाव फोनवर" लिहिले की निम्मे गिऱ्हाईक विचारतच नाही, असा आमचा अनुभव.

व्यापारी बंधूंनी एक ध्यानात ठेवावे. ब्रॉडकास्ट यादीतला निरोप, ज्याने आपला नंबर जतन केला आहे त्यालाच पोहोचतो. म्हणून गिऱ्हाईक समोर असतानाच आम्ही तो जतन करवून घेतो.

लिखाणाची धास्ती नको. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, काना-मात्रा आजही चुकतात. त्यावरून कोणी माल नाकारल्याचे आठवत नाही.