पाऊस ओसरताना गुदमरणारा समुद्र

सप्टेंबरअखेर गोव्याच्या कांदोळीसमोर, किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटर आत, पंचवीस मीटर खोलीवरचं पाणी वर काढतात. एकही बुडबुडा आत जाणार नाही अशा बेताने ते काचेच्या बाटलीत भरायचं आणि लगेच त्यात मँगनीजचा क्षार व अल्कलीयुक्त आयोडाइड सोडायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. या दिवसांत तळच्या पाण्याचा साका पांढराफटक पडतो, म्हणजे प्राणवायू संपला. कधी बूच काढताच सडक्या अंड्यांचा वास नाकात शिरतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. ही चाचणी रसायनशास्त्रज्ञ विंकलर यांनी १८८८ साली शोधली आणि आजही महागड्या सेन्सरांची पारख तिच्याच आधारे होते. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९९७पासून याच जागी येऊन नोंदी घेते आहे.

कारखान्याचं सांडपाणी मिसळलं असणार, अशी पहिली शंका येते. पण मूळ कारण निसर्गाचं आहे. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर सरकतं आणि खालचं थंड पाणी उथळ तळावरून वर चढू लागतं. याला अपवेलिंग म्हणतात. आधी केरळकडे आणि मग उत्तरेला ते पोचतं. खोलात मेलेले जीव कुजलेले असतात, त्यामुळे या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट भरपूर. त्याच कुजण्यात प्राणवायू मात्र खर्ची पडलेला. म्हणजे खत आणि घुसमट एकाच खेपेत येतात.

पेरू किंवा नामिबियाच्या किनाऱ्यावर वाऱ्याच्या जोराने असं पाणी थेट पृष्ठभागावर येतं, तिथे त्याला हवा लागते. आपल्याकडे मध्येच पाऊस आडवा येतो. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्यांचं आणि आभाळाचं गोडं पाणी समुद्रावर पाच-दहा मीटर जाडीचा हलका थर धरतं, दुधावर साय धरावी तसा. खालचं जड पाणी त्या थराखालीच अडकतं. वर उजेडात प्लवकं माजतात, मरून खाली पडतात, तिथे कुजतात आणि उरलासुरला प्राणवायूही खातात.

प्राणवायू संपला तरी जिवाणूंचं काम थांबत नाही. ते नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात. नायट्रेटचं नायट्राइट होतं, पुढे नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नायट्रोजन वायू. नायट्रेटही सरलं की सल्फेटची पाळी, आणि तो वास. वर चढून आलेलं खत असं तळाशीच वायू होऊन हवेच्या वाटेला लागतं. तळच्या गाळातून फॉस्फेट मात्र सुटत राहतं. यातला नायट्रस ऑक्साइड हा उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट जोरकस. समुद्रशास्त्रज्ञ सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात या किनाऱ्यावरच्या नायट्रस ऑक्साइडचा हिशेब मांडला, तेव्हा या घुसमटीचं क्षेत्र सुमारे १,८०,००० चौरस किलोमीटर असल्याचं सांगितलं. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून अधिक! शेतातून वाहून येणाऱ्या खतांमुळे हे दुखणं बळावत असावं, असंही त्यांचं म्हणणं होतं.

मला यात सर्वांत रंजक वाटते ती वर्षावर्षांतली तफावत. १९९७ साली हिंदी महासागरातला ‘डायपोल’, म्हणजे त्याच्या पूर्व आणि पश्चिम भागांतल्या तापमानाचा फरक, जोरात धन होता; पश्चिमेकडचं पाणी नेहमीपेक्षा गरम होतं. अशा वर्षी श्रीलंकेच्या आसपासचे वारे बदलतात आणि त्यांचा परिणाम किनाऱ्याला धरून जाणाऱ्या लाटांच्या रूपाने कोकणापर्यंत येतो. वाऱ्याने उठणाऱ्या लाटांसारख्या या डोळ्यांना दिसत नाहीत. या लाटा थंड पाण्याचा थर खाली दाबतात आणि तळ पुरता गुदमरत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हा संबंध दाखवून दिला. तेव्हा एखाद्या वर्षाच्या आकड्यावरून ‘समुद्र बिघडला’ किंवा ‘सुधारला’ म्हणणं हा उतावीळपणा आहे. खताचा वाटा किती आणि श्रीलंकेच्या वाऱ्याचा किती, हे वेगळं करायला दशकांच्या सलग नोंदीच लागतात. 

मासे हे सारं आपल्या परीने ओळखतात. समुद्रशास्त्रज्ञ कार्ल बान्झे यांनी १९५०च्या दशकातच कोचीसमोर पाहिलं होतं, की हे पाणी वर चढलं की तळाचे मासे ती जागा सोडून जातात. आपल्याकडची मासेमारीबंदी ३१ जुलैला उठते आणि तळाची घुसमट त्यानंतर कळसाला पोचते. ट्रॉलरचं जाळं त्याच तळावरून ओढलं जातं. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राकडून मच्छीमारांना मासळी कुठे मिळेल याचे अंदाज मिळतात. ते उपग्रहाने टिपलेल्या तापमानावर आणि हरितद्रव्यावर बेतलेले असतात. उपग्रहाला पृष्ठभाग दिसतो, तळचा प्राणवायू दिसत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांत तरी रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्यासमोर तळच्या प्राणवायूची नियमित मोजणी व्हावी आणि तो आकडा अंदाजासोबतच बंदरावर लावला जावा. डिझेल जाळून रिकाम्या तळावर जाळं ओढायचं की नाही, हे मग तांडेलच ठरवील.