इंटिरिअर डिझाइनचे शिक्षण : प्रवेश घेण्याआधी घरात बोलायच्या गोष्टी

बारावीचा निकाल लागला की आपल्या खटकचिंचोळीतल्या घरांत तीच चर्चा सुरू होते. डॉक्टर, इंजिनिअर, नाहीतर डी.एड. आणि पोलीस भरती. अलीकडे त्यात एक नवे नाव ऐकू येते, ते म्हणजे इंटिरिअर डिझाइन. मुलगा किंवा मुलगी हे नाव घेते आणि आजोबा विचारतात, ‘पडदे लावायला चार वर्षे शिकायचे काय?’ दुसरीकडे कुठल्या तरी शहरातल्या खासगी क्लासची चकचकीत जाहिरात मोबाइलवर आलेली असते आणि त्यापायी लाख-दीड लाख भरायची तयारीही काही घरांत होते. आजोबांचा प्रश्न आणि ती जाहिरात, दोन्ही एकाच गैरसमजातून येतात. म्हणून हे शिक्षण कशाचे आहे, ते कुठे मिळते आणि त्याचा खर्च कसा पेलावा, हे आम्ही येथे एकत्र मांडत आहोत.

सजावट नव्हे, मोजमाप

इमारतीच्या चार भिंती उभ्या राहिल्यावर आत माणसे कशी राहणार, कुठे बसणार, उजेड कुठून येणार, सामान कुठे राहणार, याचा विचार म्हणजे हा विषय. तो आपल्याला मुळीच परका नाही. आपली जुनी माळवदाची घरे आठवा. घर किती मोठे हे आपण खणांत सांगत होतो, कारण खण म्हणजे दोन तुळयांमधले अंतर, आणि त्यावरच खोलीची रुंदी ठरायची. पाहुणा सोप्यात, बायकामाणसे माजघरात, धान्य बळदात, दिवा देवळीत. उन्हाळ्यात जाड भिंती आणि वरची पांढरी माती घर थंड ठेवायची, उजेडाला माळवदात झरोका असायचा. हे सगळे कुणीतरी विचार करूनच ठरवले होते. फक्त त्याला डिझाइन म्हणत नव्हते.

त्याच घरांची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर-उस्मानाबादेत भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवर माळवदाचे प्रचंड वजन, हे त्या जीवितहानीचे मोठे कारण होते. कोणती भिंत वजन पेलते आणि कोणती नुसती आडोशाची आहे, हे न कळता हॉल मोठा करायला भिंत फोडणारा माणूस घर धोक्यात घालतो. चांगल्या महाविद्यालयात मुलांना हे सुरुवातीलाच शिकवतात. कुठे आपण हात लावायचा नाही आणि इंजिनिअरला विचारायचे, हेही शिकवतात.

बँकेच्या नोकरीत शाखांचे नूतनीकरण आम्ही जवळून पाहिले. पूर्वी जाळीमागे उंच काउंटर असायचे आणि पेन्शनर टाचा उंचावून पासबुक आत सरकवायचे. मग काउंटर खाली आले, समोर खुर्ची आली, दाराशी उतार आला. नोटा त्याच आणि खाती तीच, पण म्हाताऱ्या माणसाला बँकेत येणे सोपे झाले. हे काम आतल्या रचनेचे आहे. घरे हा या व्यवसायाचा एक भाग झाला. दवाखाने, शाळा, दुकाने, हॉटेले, कचेऱ्या, प्रदर्शने आणि नाटक-सिनेमाचे नेपथ्य येथेही याच शिक्षणाची माणसे लागतात.

चार वर्षांत काय करवून घेतात

पहिल्या वर्षी हाताने रेखाटन, प्लॅन आणि छेद काढणे, पुठ्ठ्याची मॉडेले करणे आणि वर्कशॉपमध्ये लाकूड-धातू हाताळणे. पुढे माणसाच्या शरीराची मापे येतात. स्वयंपाकाचा ओटा साधारण ३२ ते ३४ इंच का, खुर्चीची बैठक १७-१८ इंच का, जिन्याची पायरी सहा-सात इंचांच्या वर गेली की गुडघे का दुखतात, हे येथे कळते. मग साहित्य. प्लायवूडवर ‘आयएस ३०३’ लिहिले असेल तर ते सर्वसाधारण वापरासाठीचे आणि ‘आयएस ७१०’ असेल तर ओल सोसणारे, एवढे जरी कळले तरी मोरीशेजारचे कपाट दोन पावसाळ्यांत फुगत नाही. वीज, नळ, प्रकाश, आवाज, आगीपासून बचाव, अंदाजपत्रक, कारागिरांशी व्यवहार, हे सगळे अभ्यासात असते. संगणक येतो, पण तो हातानंतर. शेवटी काही महिने एखाद्या कार्यालयात उमेदवारी आणि एक मोठा प्रकल्प.

म्हणून ज्या मुलाला सुतारकाम पाहत बसायला आवडते, जी मुलगी घरातले सामान इकडचे तिकडे लावून बघते आणि रुंदी टेपने मोजते, तिचा कल या बाजूला आहे असे समजावे. चित्र सुंदर येते एवढ्यावर निर्णय घेऊ नये.

हा वारसा आपल्या दाराशी आहे

या मुलांना पहिला धडा बीदरच्या किल्ल्यातच मिळू शकतो. रंगीन महालात कोरीव लाकडी खांब आहेत आणि काळ्या दगडात शिंपल्याची जडणघडण आहे. खोली लहान, पण जडणीवर उजेड पडतो तेव्हा भिंत चमकते. अष्टूरला अहमदशहा वलीच्या कबरीत आतून रंगीत आणि सोनेरी नक्षी आहे. १४७२ साली बांधलेल्या महमूद गवानच्या मदरशावर रंगीत फरशांचे काम आजही दिसते. बिदरी कारागीर जस्ताच्या काळ्या भांड्यात चांदीची तार बसवतात, तेही साहित्य समजून केलेले काम आहे.

हातकाम आणि महाविद्यालय यांचे नातेही जुने आहे. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चे. तेथे १८९१ साली लॉर्ड रे यांच्या नावाने हस्तकलेचे वर्कशॉप सुरू झाले. आजच्या कला-शिल्प विभागाचे मूळ तेच, आणि इंटिरिअर डेकोरेशनचा अभ्यासक्रम त्याच विभागात आहे. दुसरे उदाहरण बाळकृष्ण दोशी यांचे. जन्म पुण्याचा, १९२७ चा, घराण्याचा धंदा फर्निचरचा. जे. जे. मध्ये वास्तुकला शिकून ते पॅरिसला ल कार्बुझिए यांच्याकडे काम करायला गेले. १९६२ साली त्यांनी अहमदाबादेत वास्तुकलेची शाळा काढली, तीच पुढे सेप्ट विद्यापीठ झाली, आणि १९९१ साली तेथे इंटिरिअर डिझाइनचे स्वतंत्र विद्यालय सुरू झाले. २०१८ साली वास्तुकलेतला प्रित्झ्कर पुरस्कार मिळवणारे दोशी पहिले भारतीय. फर्निचरच्या घरातून निघालेली वाट कुठवर जाते ते यावरून दिसते. आपल्याकडच्या सुतार घरांनी हे मुलांना जरूर सांगावे.

पदवी कोणती आणि देणारा कोण

येथे सर्वांत जास्त फसगत होते. ‘आर्किटेक्ट’ हे नाव १९७२ च्या कायद्याने राखीव आहे. पाच वर्षांची बी.आर्क. करून कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरमध्ये नोंदणी झाल्याशिवाय ते लावता येत नाही. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे, आणि नाटा किंवा जेईईची वास्तुकलेची परीक्षा द्यावी लागते. बी.आर्क. झालेला माणूस इंटिरिअरची कामे करू शकतो. उलट, केवळ इंटिरिअर शिकलेल्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही.

इंटिरिअर डिझायनर होण्यासाठी असा परवाना लागत नाही. त्यामुळे मार्ग मोकळा आहे, आणि त्याचमुळे कोणीही सहा महिन्यांचा वर्ग उघडून प्रमाणपत्र देऊ शकतो. असा वर्ग ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर शिकवील, पण ती पदवी नव्हे. विद्यापीठाची चार वर्षांची बी.डिझाइन किंवा बी.एफ.ए. असेल तर पुढे एम.डिझाइन करता येते आणि जेथे पदवीची अट आहे तेथे अर्ज करता येतो.

कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अहमदाबादचे एनआयडी आणि सेप्ट यांसारख्या संस्थांत डिझाइनच्या पदवीला विज्ञान शाखेची सक्ती नाही. तेथे प्रवेश परीक्षेत निरीक्षण, रेखाटन आणि विचार तपासतात. जवळपासचे पाहायचे तर कलबुर्गीच्या पीडीए अभियांत्रिकी महाविद्यालयात बी.आर्क. आहे.

सीमाभागातल्या मुलांच्या दोन वाटा

आपण दोन राज्यांच्या मध्ये आहोत, त्याचा थोडा उपयोगही आहे. राज्यघटनेच्या ३७१(जे) कलमाखाली कल्याण कर्नाटकातल्या शिक्षणसंस्थांत स्थानिकांसाठी ७० टक्के आणि राज्यस्तरीय संस्थांत ८ टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी सहायक आयुक्तांच्या कार्यालयाचे पात्रता प्रमाणपत्र लागते. ते निकालानंतर काढायला गेलात तर गर्दीत अडकाल. मूल अकरावीत असतानाच काढून ठेवावे.

दुसरी वाट महाराष्ट्राची. महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रवर्ग असतो. आपल्या गावाचे नाव त्या यादीत आहे का, आणि हव्या त्या अभ्यासक्रमाला तो प्रवर्ग लागू आहे का, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मातृभाषा काय नोंदवली आहे, तेही आजच तपासा.

पैशाचे गणित

शेवटी प्रश्न पैशाचा. फीबरोबर ड्रॉइंगचे साहित्य, मॉडेले, लॅपटॉप, अभ्याससहली आणि वसतिगृह हे धरावे लागते. शैक्षणिक कर्जात यांतले बरेच बसते. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राची पत हमी योजना आहे, त्याखाली तारण किंवा तिसऱ्याचा जामीन लागत नाही. आईवडील मात्र सहकर्जदार असतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि संस्था व कोर्स नियमात बसत असेल, तर शिक्षणाच्या काळातले व्याज केंद्र सरकार भरते. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करावा.

एक हिशेब मांडून पाहा. दरवर्षी दीड लाख, असे चार वर्षांत सहा लाख घेतले. व्याज १० टक्के धरा. शिक्षण आणि पुढचे एक वर्ष हप्ता नाही, पण सरळ व्याज चालूच असते, ते पाच वर्षांत २ लाख १० हजार होते. म्हणजे हप्ता सुरू होताना कर्ज ८ लाख १० हजार, आणि दहा वर्षांसाठी महिना सुमारे १०,७०० रुपये. तेच व्याज आईवडिलांनी शिक्षण चालू असताना भरत राहिले, तर हप्ता ७,९०० च्या आसपास येतो. नव्याने काम धरलेल्या मुलीच्या पगारात हा फरक मोठा आहे. हप्ते थकले तर नोंद तिच्याच नावावर होते आणि पुढे घरकर्ज मागताना ती आडवी येते.

बँकेचा आणखी एक उपयोग आहे. मान्यता नसलेल्या कोर्सला या योजनेत बँक कर्ज देत नाही. म्हणून फी भरण्याआधी संस्थेचे माहितीपत्रक घेऊन शाखेत जा आणि या कोर्सला कर्ज मिळेल का, एवढेच विचारा. नाही म्हटले तर कारण विचारा. फुकटात मिळालेला तो सल्ला आहे.

आणि महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा स्वागतकक्षात बसून परत येऊ नका. वर्कशॉप दाखवा म्हणावे. रंध्याखालचा भुसा जमिनीवर दिसतो का, शेवटच्या वर्षाच्या मुलांची मॉडेले आहेत का, आधीची मुले कुठे कामाला लागली, पदवीवर कोणत्या विद्यापीठाचे नाव असते, हे विचारावे. मुलाला किंवा मुलीला बरोबर न्यावे आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्यावेत. चार वर्षे तेथे त्यांनाच काढायची आहेत, आणि कर्जही त्यांच्याच नावावर असणार आहे.