ट्रॅकर संगीत

ट्रॅकर संगीत म्हणजे ‘ट्रॅकर’ या प्रकारच्या संगणकीय आज्ञावलीत रचलेले संगीत होय. १९८० च्या दशकातील घरगुती संगणकांवर, मुख्यतः युरोपातील डेमोसीन या हौशी चळवळीत, त्याचा विकास झाला. या चळवळीतील प्रोग्रामर, चित्रकार व संगीतकार गटाने एकत्र येऊन ‘डेमो’ तयार करीत. डेमो ही संगणकावर त्याच क्षणी साकारणारी दृक्‌श्राव्य कलाकृती असते. ट्रॅकरच्या फाइलमध्ये सलग ध्वनिमुद्रण नसते. रचनेची स्वरलिपी आणि तीत वापरलेल्या आवाजांचे छोटे नमुने असतात. त्यामुळे फाइल लहान राहते, शिवाय ज्याच्या हाती ती पडते त्याला पूर्ण रचना उघडून वाचता येते.

पार्श्वभूमी

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या कमोडोर ६४ या संगणकात रॉबर्ट यानेस यांनी आखलेली ‘सिड’ ही ध्वनिचिप होती. तिच्यातून एका वेळी तीनच स्वतंत्र आवाज निघत. संगणकाच्या ६४ किलोबाइट स्मृतीत आज्ञावली, चित्रे आणि संगीत हे सर्व बसवावे लागे. रॉब हबर्ड, मार्टिन गॉलवे आदी संगीतकार संगीत वाजवणारी आज्ञावलीही स्वतःच लिहीत.

तीन आवाजांत चाल, खर्ज आणि ताल सांभाळल्यावर स्वरसंघातासाठी (कॉर्ड) आवाज उरत नसे. यावर उपाय म्हणून संघातातील तीन स्वर एकाच आवाजात आळीपाळीने, सेकंदाला पन्नासपर्यंत बदल करीत वाजवले जात. कानाला ते एकत्र, किंचित थरथरत ऐकू येत. अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे या संगीताची ओळख ठरली.

क्रिस ह्यूल्सबेक यांची ‘साउंडमॉनिटर’ ही संगीतरचनेची आज्ञावली १९८६ मध्ये ‘६४-अर’ या जर्मन मासिकात छापून आली. वाचकांनी ती स्वतः टंकून संगणकात उतरवायची होती.

अमिगा आणि साउंडट्रॅकर

१९८५ मध्ये आलेल्या अमिगा संगणकातील ‘पॉला’ चिप ८ बिटांचे ध्वनिनमुने चार वाहिन्यांवर वाजवू शके. तिच्यासाठी कार्स्टन ओबार्स्की यांनी १९८७ मध्ये ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ तयार केला. व्यावसायिक उत्पादन म्हणून त्याला फारसे यश मिळाले नाही. मात्र डेमो गटांनी त्यात फेरफार करून सुधारित आवृत्त्या पसरवल्या. ‘नॉइजट्रॅकर’ व ‘प्रोट्रॅकर’ या त्यांपैकी प्रमुख होत.

रचनापद्धती

ट्रॅकरमध्ये रचना वरून खाली सरकणाऱ्या तक्त्यात लिहितात. मूळ स्वरूपात एका तक्त्यात (पॅटर्न) ६४ ओळी व चार स्तंभ असतात. प्रत्येक घरात स्वर, वाद्याचा क्रमांक आणि स्वर सरकवणे, कंपित करणे किंवा आवाज कमी-जास्त करणे यांसारखी आज्ञा लिहिता येते. एका घराला ४ बाइट लागतात, म्हणून पूर्ण तक्ता १,०२४ बाइटांत मावतो. नेहमीच्या गतीने तो ७.६८ सेकंद वाजतो. तेवढ्याच वेळेच्या सीडी दर्जाच्या ध्वनिमुद्रणाला सुमारे साडेतेरा लाख बाइट लागतात. ध्वनिनमुन्यांची जागा वेगळी धरावी लागते. पण ढोलाचा ठोका शंभर वेळा वाजला तरी त्याचा नमुना एकदाच साठवला जातो. ध्रुवपदासारखा परतणारा भागही एकदाच लिहून पुन्हा पुन्हा बोलावता येतो.

भातखंडे स्वरलिपीत मात्रा आडव्या ओळीत मांडतात. ट्रॅकरमध्ये काळ उभा धावतो. एका मात्रेला चार ओळी दिल्या तर १६ मात्रांच्या त्रितालाचे एक आवर्तन ६४ ओळींत नेमके बसते आणि नेहमीच्या गतीला मिनिटाला १२५ मात्रांची लय मिळते. १० मात्रांच्या झपतालासाठी तक्ता चाळिसाव्या ओळीवर तोडण्याची आज्ञा द्यावी लागते.

प्रसार

या रचना टपालाने पाठवलेल्या फ्लॉपींमधून, दूरध्वनीने जोडल्या जाणाऱ्या संगणकांवरून आणि डेमो मेळाव्यांतून पसरल्या. फिनलंडमधील ‘असेम्ब्ली’ मेळावा १९९२ मध्ये सुरू झाला. १९९३ च्या मेळाव्यात फ्यूचर क्रू या गटाचा ‘सेकंड रिअ‍ॅलिटी’ हा डेमो सादर झाला. त्याचे संगीत स्कावेन व पर्पल मोशन या टोपणनावांच्या संगीतकारांचे होते. पीसीवर ‘स्क्रीम ट्रॅकर’, ‘फास्टट्रॅकर २’ व ‘इम्पल्स ट्रॅकर’ लोकप्रिय झाले.

फाइल उघडी असल्याने नवशिके इतरांच्या रचना ओळीओळीने वाचून शिकत. याच कारणाने ध्वनिनमुने उचलणेही सोपे होते आणि त्यावरून वाद होत. नमुन्यांच्या नावांच्या जागी संगीतकार आपले नाव, मित्रगटांना नमस्कार किंवा छोटे संदेश लिहून ठेवीत.

भारतातील घरगुती संगणक

भारतात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रम प्लस हा संगणक परवान्याखाली विकला. त्यात ध्वनिचिप नव्हती. प्रोसेसरला स्वतःच लहान भोंगा चालू-बंद करून स्वर निर्माण करावा लागे. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पात बीबीसी मायक्रो संगणक वापरले गेले. त्यांच्या चिपमध्ये स्वरांच्या तीन व गोंगाटाची एक अशा चार वाहिन्या होत्या.

जतन

फ्लॉपींवरील चुंबकीय नोंदी काळाने पुसट होतात आणि मूळ ध्वनिचिपांचे उत्पादन थांबले आहे. सिड चिपच्या दोन आवृत्त्यांतील फिल्टर भिन्न असल्याने एकच रचना त्यांवर वेगळी ऐकू येते. त्यामुळे फाइल वाचली तरी मूळ नाद वाचतोच असे नाही. जुन्या यंत्रांचे अनुकरण करणाऱ्या आज्ञावल्या आणि स्वयंसेवकांचे संग्रह हे काम करतात. ‘हाय व्होल्टेज सिड कलेक्शन’ या संग्रहात ५०,००० हून अधिक रचना आहेत. डेमोसीनचा समावेश फिनलंडने २०२० मध्ये व जर्मनीने २०२१ मध्ये आपापल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत केला.