थंडी सुरू झाली, पण बाथरूमची खिडकी बंद करू नका!

आजच्या एपिसोडचा हा लिहिलेला मजकूर. रेंज नसते म्हणून ऐकता येत नाही, असं सेनगाव आणि औंढ्याकडचे मित्र सांगतात, त्यांच्यासाठी खास. बोलतानाचे "अं" आणि "म्हणजे" तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आपल्याकडे कुठलं आलं हीटिंग?

कॅनडातल्या मराठी घरांत तळघरात फर्नेस असते. तिची गरम हवा पाइपातून सगळ्या खोल्यांत फिरते. दर एक ते तीन महिन्यांनी फिल्टर बदलायचा आणि हिवाळ्याआधी मेकॅनिककडून तपासून घ्यायचं, हा तिकडचा नेम. आपण हसतो, "हिंगोलीत कशाला हवं हे?"

पण डिसेंबर-जानेवारीत इथेही रात्री पारा दहा अंशांच्या आसपास येतो, कधी त्याखाली जातो. शेजारच्या परभणीत तर कधीकधी पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. आपली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, दारं-खिडक्यांच्या फटी मोकळ्या. मग आपण खोली गरम करत नाही, पाणी गरम करतो. गिझर, हीटरची कांडी, बंब, शेगडी हीच आपली हीटिंग सिस्टीम. फरक इतकाच की तिची देखभाल कुणीच करत नाही.

करंटचा गिझर : खरा शत्रू म्हणजे क्षार

बोअरचं पाणी पितळी भांड्यात उकळलं की तळाला पांढरा थर बसतो, बघितलाय ना? आपल्या भागातला खडक बेसाल्टचा, त्यातून येणारं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड. त्यात विरघळलेला चुना पाणी तापलं की बाहेर पडतो आणि गिझरच्या कॉइलवर चिकटतो. हा थर उष्णता अडवतो. पाण्याला ऊब उशिरा मिळते, कॉइल मात्र आतल्या आत जास्त तापते आणि एक दिवस जळते.

ओळखायचं कसं? गिझर चालू असताना आतून टकटक, कडकड आवाज येतो, किंवा नेहमीपेक्षा वेळ जास्त लागतो. हिशोब सोपा आहे. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ०.७ युनिट वीज लागते, म्हणजे २ किलोवॅटच्या गिझरला वीस-बावीस मिनिटं. तुमचा याच कामाला पाऊण तास घेत असेल तर मिस्तरी बोलवा.

वर्षातून एकदा टाकी रिकामी करून कॉइल साफ करून घ्या. बऱ्याच गिझरमध्ये मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंज लागू देत नाही. संपली असेल तर बदलायला सांगा. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून त्यावर कधीही बूच मारू नका. आतला दाब बाहेर सोडण्याची तीच एक वाट असते.

आता बादलीत टाकायची कांडी. १५०० वॅटची कांडी साडेसहा अँपिअर करंट ओढते आणि आपण ती मोबाइल चार्जरशेजारच्या ६ अँपिअरच्या प्लगमध्ये खोचतो. प्लग काळा पडतो तो यामुळेच. १६ अँपिअरचा पॉइंट वापरा. पाण्यात बोट घालून "तापलं का" बघायच्या आधी बटण बंद करा आणि पिनही काढा. घराचं अर्थिंग तपासून घ्या, आणि जमलं तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. करंट गळायला लागला की तो क्षणात लाइन तोडतो.

गॅस गिझर : इथे नीट ऐका

मागच्या जानेवारीत आमच्याकडे झालेली गोष्ट. बाथरूमच्या झरोक्यातून गार वारं येतं म्हणून मीच तिथं पुठ्ठा लावला. दोन दिवसांनी आई अंघोळ करून बाहेर आली ती भिंतीला धरूनच. डोकं गरगरतंय, मळमळतंय म्हणाली. आम्हाला वाटलं बीपी. अंगणात बसवल्यावर हळूहळू बरं वाटलं. गॅस गिझर आतच होता, हे नंतर लक्षात आलं.

गॅस जळायला हवा लागते. बंद बाथरूममधली हवा संपत आली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो, या वायूला वासही नाही आणि रंगही नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्टपणे त्याला धरून ठेवतं. माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. ओरडायच्या आधीच शुद्ध जाते, आणि दाराला आतून कडी असते.

म्हणून गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. आत फक्त गरम पाण्याचा पाइप येऊ द्या. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा काजळी धरली तर वापर थांबवा आणि बर्नर साफ करून घ्या. ऑन्टारिओ प्रांतात गॅसवर चालणारं उपकरण असलेल्या घरांत या वायूचा अलार्म २०१४ पासून सक्तीचा आहे. आपल्याकडे सक्ती नाही, पण असा अलार्म ऑनलाइन मिळतो.

कुणी बेशुद्ध दिसलं तर आधी दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला बाहेर आणा आणि १०८ ला फोन लावा. डॉक्टरांना "गॅस गिझर चालू होता" हे नक्की सांगा. नुसती गॅसगळती असेल तर १९०६.

बंब आणि शेगडी

आजीचा तांब्याचा बंब अजून भारी चालतो. तुराट्या, पऱ्हाट्या, काहीही घाला. फक्त मधल्या नळीतली काजळी आणि जाळीखालची राख काढत चला, नाहीतर जाळ धरत नाही, नुसता धूर होतो. पाणी नसताना पेटवू नका, सांधे उकलतात. आणि बंब अंगणातच बरा.

कोळशाची शेगडी खोलीत ठेवून, दार लावून झोपायचं? अजिबात नाही. धूर दिसत नाही म्हणून ती निर्धोक वाटते, पण धगधगत्या निखाऱ्यांतूनही तोच वायू निघतो. ऊब घ्या, आणि झोपायच्या आधी शेगडी बाहेर ठेवा. पांघरूण एक जास्त घ्या.

आजचं काम

एपिसोड संपला की उठा आणि बाथरूमचा झरोका बघा. पुठ्ठा, पोतं, जुनं फडकं काही कोंबलेलं असेल तर काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे आणि पैसा लागत नाही. गार वारं येईल थोडं, येऊ द्या. आमच्याकडे तो पुठ्ठा आता चुलीत गेलाय.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!