संगणकाचे सौजन्य आणि गाण्याचा सूर

तळहातावर मावेल एवढा संगणक, त्याला जोडलेला ध्वनिवर्धक आणि इंटरनेटवरून किंवा डिस्कवरून येणारे गाणे, अशी जुळणी आता अनेक घरांत दिसते. तिला म्युझिक स्ट्रीमर म्हणतात. बऱ्याच स्ट्रीमरमध्ये लिनक्स ही कार्यप्रणाली असते. गाणे वाजवणाऱ्या प्रोग्रॅमचा अग्रक्रम वाढवला की आवाज सुधारतो, तानपुऱ्याची जवारी खुलते, तबल्याची थाप ठसठशीत उमटते, असे काही शौकीन मंडळी मानतात. यात तथ्य किती? तथ्य आहे, पण ते ही मंडळी शोधतात त्या ठिकाणी नाही. ते कुठे आहे, हे पाहू.

सीडीच्या प्रमाणानुसार ध्वनीची लाट सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते. डाव्या व उजव्या बाजूची मिळून सेकंदाला ८८,२०० संख्या होतात. लागोपाठच्या दोन मोजण्यांत सुमारे २२.७ मायक्रोसेकंदांचे अंतर असते. गाणे वाजवताना याच संख्या त्याच ठेक्यात पुन्हा विद्युत्‌दाबात बदलाव्या लागतात.

इकडे प्रोसेसर मात्र अनेक कामांत गुंतलेला असतो. नेटवरून आलेली माहिती घ्यायची, दाबून लहान केलेली फाइल उलगडायची, गाण्यांची सूची लावायची. कोणत्या कामाला केव्हा आणि किती वेळ द्यायचा, हे लिनक्सच्या गाभ्यातील शेड्यूलर ठरवतो. हा गाभा लिनस टॉरवाल्ड्‌स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये प्रथम जगापुढे ठेवला.

शेड्यूलरचे काम समजण्यासाठी मीरा-भाईंदरमधील वरसावे नाका डोळ्यांपुढे आणा. ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता इथे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो आणि उत्तरेकडे जाणारी वाहने खाडीवरील पुलाकडे वळतात. २०२३ मध्ये इथे नवा पूल खुला झाला. पूल वाढले म्हणजे तासाला अधिक वाहने जातील. पण कोंडी झालीच, तर रुग्णवाहिका वेळेवर जाईल की नाही, हे वाट कोणाला आधी मिळते यावर अवलंबून राहील. वेगवान प्रोसेसर म्हणजे रुंद पूल. अग्रक्रम म्हणजे रुग्णवाहिकेला मिळालेली वाट. रस्ता मोकळा असेल, तर अग्रक्रमाने काहीच फरक पडत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

लिनक्समध्ये प्रत्येक कामाला एक ‘नाइस’ अंक असतो. नाइस म्हणजे सौजन्यशील. अंक जितका मोठा, तितके ते काम इतरांना ‘आधी तुम्ही’ म्हणणारे! हा अंक उणे २० पासून अधिक १९ पर्यंत असतो; सर्वसाधारण कामाचा शून्य. एकाच प्रोसेसरवर दोन अखंड चालणारी कामे असतील आणि त्यांच्या अंकांत ५ चा फरक असेल, तर वेळाची वाटणी साधारण ३ : १ अशी होते. याहून वरचा दर्जा ‘रिअल-टाइम’ कामांचा. त्यांचे अग्रक्रम १ ते ९९ असतात. असे काम तयार झाले की साधे काम बाजूला सरते.

मग आवाजाचे काय? प्रोग्रॅम संख्या थेट ध्वनिवर्धकाकडे पाठवत नाही. तो त्या बफर नावाच्या साठ्यात ओततो. इमारतीच्या गच्चीवरील टाकीसारखेच हे आहे. पालिकेचे पाणी वेळीअवेळी आले, तरी टाकीत पाणी असेतो नळ चालू राहतो. बफरमध्ये ४,०९६ मोजण्यांची जागा असेल, तर ४,०९६ भागिले ४४,१००, म्हणजे सुमारे ९३ मिलिसेकंदांची बेगमी झाली. तेवढ्या अवधीत प्रोग्रॅमची पाळी आली, की पुरे.

इथे उपमेची मर्यादाही सांगितली पाहिजे. टाकीतील पातळी उतरली की नळाची धार मंदावते. बफरमधील संख्या मात्र कमी उरल्या म्हणून फिकट होत नाहीत. साठा आहे तोवर आवाज जसाच्या तसा; साठा संपला की खट्‌ असा आवाज किंवा खंड. मधली अवस्था नाही. संख्या बाहेर काढण्याचा ठेकाही प्रोसेसर धरत नाही. तो ध्वनी-मंडलातील क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या घड्याळावर चालतो. म्हणून बफर रिकामा होत नसेल, तर अग्रक्रम वाढवून संख्या बदलत नाहीत आणि त्यांचा ठेकाही बदलत नाही. प्रोसेसरच्या विजेचा गोंगाट ध्वनी-मंडलात शिरू शकतो, हे खरे. पण त्यावरचा उपाय चांगला वीजपुरवठा आणि चांगले मंडल हा आहे.

अग्रक्रमाचे खरे मोल साठा लहान ठेवावा लागतो तिथे कळते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी गायिकेला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये लगेच ऐकू यावा लागतो. त्यासाठी बफर २५६ मोजण्यांचा ठेवला आणि सेकंदाला ४८,००० मोजण्या घेतल्या, तर हाती जेमतेम ५.३ मिलिसेकंद उरतात. पाळी एवढीशी चुकली तरी खंड पडतो. काटेकोर वेळ पाळण्यासाठी लिनक्समध्ये वर्षानुवर्षे चाललेले ‘प्रीएम्प्ट-आरटी’ हे काम २०२४ मध्ये मुख्य गाभ्यात सामील झाले. यंत्रमानव आणि कारखान्यांतील यंत्रे यांनाही त्याचा उपयोग आहे.

अग्रक्रम वाढवण्यात धोकाही असतो. रिअल-टाइम काम अडकून गोल गोल फिरू लागले, तर संगणक ठप्प होऊ शकतो. म्हणून लिनक्स एरवी अशा कामांना सेकंदातील ०.९५ सेकंदच देतो. दुसरा धोका १९९७ मध्ये मंगळावर दिसला. पाथफाइंडर यानाची कार्यप्रणाली लिनक्स नव्हती, पण प्रश्न हाच होता. खालच्या अग्रक्रमाच्या कामाने सामायिक साधन धरून ठेवले, मधल्या कामाने त्याला मागे सारले आणि सर्वांत वरचे काम ताटकळत राहिले. यानाचा संगणक पुनःपुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. साधन धरणाऱ्या कामाला तात्पुरता वरचा अग्रक्रम देण्याची सोय पृथ्वीवरून सुरू केल्यावर हे थांबले.

‘पण आम्हांला फरक ऐकू येतो!’ असे कोणी म्हणाले, तर वाद घालू नये, प्रयोग करावा. एकाने नाणे उडवून अग्रक्रम कमी किंवा जास्त ठेवावा. ऐकणाऱ्याने न पाहता ओळखावे. असे १० वेळा करावे. ७ किंवा अधिक उत्तरे बरोबर आली, तर ते मोठे यश वाटते. प्रत्यक्षात शक्य अशा १,०२४ निकालांपैकी १७६ मध्ये एवढे यश निव्वळ योगायोगाने मिळते, म्हणजे जवळजवळ सहातून एकदा. ९ किंवा १० बरोबर येण्याची योगायोगाची शक्यता मात्र १,०२४ त ११, म्हणजे सुमारे १ टक्का आहे. किती उत्तरे बरोबर आली तर दावा मानायचा, हे प्रयोगाआधीच ठरवून ठेवावे.

हा प्रयोग अकरावीच्या वर्गात एका तासात होतो आणि त्यातून संभाव्यतेचा पाठही होतो. औषधाचा गुण आला की नुसता भास झाला, हे ठरवण्याची रीतही हीच आहे. ती ज्याने गाण्यावर एकदा वापरून पाहिली, तो पुढे महागड्या जाहिरातीला आणि औषधाच्या दाव्यालाही हाच प्रश्न विचारील.