फोड उठला? लेपाआधी चार प्रश्न

मैत्रिणींनो, घरात कुणाच्या अंगावर फोड उठला तर तो डॉक्टरांच्याही आधी कुणाला दिसतो? आपल्याला! मुलाला आंघोळ घालताना, सासूबाईंच्या पाठीला तेल लावताना तो पहिल्यांदा आपल्याच नजरेला पडतो. आणि दिसल्याबरोबर आपला हात जातो तो डब्याकडे. कुणी हळद लावते, कुणी चंदन उगाळते, कुणी गेरू, तर कुणी चक्क टूथपेस्ट. त्यामागे माया असते हे खरंच. पण फोड हा काही रोग नव्हे, ती रोगाची खूण आहे. ताप जसा अनेक कारणांनी येतो, तसाच फोडही. आणि खूण लेपाखाली झाकून टाकण्याआधी ती नीट वाचायला हवी. कारण काही फोड आपोआप बसतात, तर काहींच्या बाबतीत दोन-तीन दिवसांची दिरंगाईसुद्धा डोळ्यावर किंवा जिवावर बेतू शकते.

फुलका फुगतो तसा फोड

फुलका टम्म फुगतो तेव्हा काय होतं? दोन पापुद्रे सुटतात आणि मध्ये वाफ कोंडते. फोडाचंही तसंच. आपल्या कातडीचे दोन मुख्य थर असतात. घासण्यानं, चटक्यानं, जंतूंमुळे, एखाद्या दाहक रसामुळे किंवा शरीराच्याच काही बिघाडामुळे हे थर एकमेकांपासून सुटले, की मधल्या पोकळीत लस जमते. वरचा पापुद्रा जाड असेल तर फोड टणक, तुळतुळीत राहतो. पातळ असेल तर हात लागताच फुटतो आणि खाली ओली, लालभडक जखम उरते. एवढ्या एका फरकावरूनसुद्धा डॉक्टरांना पुष्कळ काही कळतं.

आपण मात्र चार साधे प्रश्न विचारायचे. फोड कुठे आला? कधी आला? दुखतो, खाजतो की काहीच जाणवत नाही? आणि त्याआधी काय घडलं होतं?

कुठे आला?

टाचेवर आला असेल तर बहुतेक वेळा नवी चप्पल चावलेली असते. त्याचं फार काही नाही. पण फोड अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे, घोसाघोसानं उठले असतील आणि ते उठण्याआधी दोन-तीन दिवस तिथे ठणका किंवा आग होत असेल, तर ती नागीण समजावी.

नागिणीबद्दल आपल्याकडे केवढी भीती! तिनं अंगाभोवती पुरता वेढा घातला की माणूस दगावतो, असं अजूनही सांगतात. हे खरं नाही. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, तरी त्यांचे विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतात. वय झालं, अशक्तपणा आला, की ते जागे होतात आणि एका मज्जातंतूच्या वाटेनं कातडीवर येतात. हा मज्जातंतू अंगाच्या एकाच बाजूला असतो. म्हणूनच पट्टा अंगाच्या मधोमध येऊन थांबतो. वेढा पडायचा कसा?

खरी भीती वेगळीच आहे. नागिणीवर विषाणूंना आवरणाऱ्या गोळ्या मिळतात, पण त्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केल्या तर त्यांचा सर्वांत चांगला उपयोग होतो. नेमके हेच तीन दिवस आपण गेरूच्या रेघा ओढण्यात आणि मंत्र घालण्यात घालवतो. आमच्या ओळखीच्या एका आजींना कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर नागीण उठली. घरच्यांनी उतरवून घेतलं, वर लेपही घातला. पाचव्या दिवशी डोळा लालभडक झाला, तेव्हा कुठे दवाखाना गाठला. डोळा वाचला, पण नजर पूर्वीसारखी राहिली नाही. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर डोळ्यालाही धोका आहे असं समजून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं, हे प्रत्येकीनं लक्षात ठेवायला हवं.

आणखी एक. नागीण झालेल्या माणसाकडून दुसऱ्याला नागीण होत नाही. मात्र ज्यांना कांजिण्या आलेल्या नाहीत, त्यांना कांजिण्या होऊ शकतात. तेव्हा घरात तान्हं बाळ किंवा गरोदर सून असेल, तर फोडांवर खपली धरेपर्यंत त्यांना जरा दूरच ठेवा.

कधी आला?

पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर किंवा दंडावर लाल रेघ, तिची आग आणि तिच्यावर बारीक फोड, असं झालं की आपण म्हणतो, "कोळी मुतला." कोळ्याचा बिचाऱ्याचा यात काही दोष नसतो. मुंगीसारखा दिसणारा एक लाल-काळा किडा असतो. तो रात्री ट्यूबलाइटच्या उजेडाकडे येतो. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला गेला की त्याच्या अंगातल्या रसानं कातडी भाजते. त्या वेळी काहीच कळत नाही, दाह सुरू होतो तो बहुधा दुसऱ्या दिवशी. कोपराच्या घडीत असेल तर वर-खाली दोन्हीकडे सारखाच डाग उमटतो, म्हणजे एकमेकांचा ठसाच! पुष्कळजणी याला नागीण समजून घाबरतात. असा किडा अंगावर दिसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा आणि ती जागा साबणानं धुऊन काढा.

बिब्बा तर आपल्या घरातलाच. दारावर लिंबू-मिरचीबरोबर ओवतो तोच. पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायचे त्या याच्याच रसानं. बिब्ब्याचं तेल दुखऱ्या जागी लावलं आणि दोन दिवसांनी तिथे फोडच फोड उठले, म्हणजेच बिब्बा उतला, हे आपल्या आया-आज्या ओळखून होत्या. बिब्बा, काजू आणि आंबा ही एकाच कुळातली झाडं. म्हणून कच्च्या काजूच्या टरफलातलं तेल किंवा कैरीचा चीक लागला तरी काहींच्या अंगावर फोड येतात. सांधे दुखतात म्हणून ठेचलेला लसूण रात्रभर बांधून ठेवला तर त्यानंसुद्धा कातडी भाजते. डॉक्टरांकडे गेल्यावर असं काही लावलं असेल तर लाजून लपवू नका. निदान तिथेच होऊन जातं.

दुखत नसेल तर?

दुखत नाही म्हणजे बरंच झालं, असं आपल्याला वाटतं. इथेच फसगत होते. भाकरी भाजताना, कुकर उतरवताना हाताला चटका बसला, फोड आला, आणि तो आल्याचं नंतर नुसतं पाहूनच कळलं, असं कुणाच्या बाबतीत घडलं, तर ती गोष्ट सोडून देऊ नका. त्या जागेची संवेदना गेलेली असू शकते आणि ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. घाबरण्याचं किंवा लपवण्याचं कारण नाही. सरकारी आरोग्य केंद्रात यावर औषध मोफत मिळतं, सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी रोग बरा होतो. उशीर केला तर मात्र बोटं वाकडी होतात, आणि ती मग नुसत्या गोळ्यांनी सरळ होत नाहीत.

मधुमेहाच्या माणसालाही पायाला फोड आल्याचं कित्येकदा कळत नाही. घरात असं कुणी असेल, तर रात्री निजण्याआधी त्यांचे तळपाय तुम्ही स्वतः बघत जा.

त्याआधी काय घडलं?

नवीन औषध सुरू झालं होतं का? फिट्सच्या काही गोळ्या, सल्फाची औषधं, गाउटवरची गोळी, काही वेदनाशामकं यांची क्वचित कुणाला भयंकर प्रतिक्रिया येते. बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच ताप येतो, अंगावर फोड उठतात, कातडी सोलते, आणि तोंड, डोळे, लघवीची जागाही सोलवटते. असं दिसलं की तडक मोठं इस्पितळ गाठायचं आणि औषधाचं पाकीट बरोबर न्यायचं. इथे सकाळपर्यंत थांबणंसुद्धा धोक्याचं.

तोंडातल्या जखमांकडेही लक्ष हवं. तोंड आलं की आपण म्हणतो उष्णता झाली, आणि गुलकंद खातो. चार-सहा दिवसांत बरं झालं तर ठीक. पण महिना उलटला तरी जखमा भरत नाहीत, आणि मग अंगावर हात लावताच फुटणारे फोड येऊ लागले, तर तो पेम्फिगस असू शकतो. यात शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच कातडीवर उलटते. हा रोग संसर्गजन्य मुळीच नाही, तेव्हा रोग्याची ताट-वाटी वेगळी करू नका. स्टिरॉइड औषधं येण्याआधी यात बहुतेक रोगी दगावत. पुढे 1980 च्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. जे. एस. पसरीचा यांनी ठरावीक दिवसांनी शिरेतून मोठ्या मात्रेत औषध देण्याची पद्धत आणली. आता त्याहून नवी औषधंही आहेत. पण ती लागू पडायला रोग वेळेवर ओळखला जायला हवा ना!

मुलांचे फोड

कांजिण्यांची ओळख सोपी आहे. आधी थोडा ताप, मग पोटा-पाठीवर पुरळ. एकाच वेळी काही ताजे फोड, काही कोमेजलेले, काही खपली धरलेले. सगळे फोड खपलीनं सुकेपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नये आणि ताप उतरवायला ॲस्पिरिन मुळीच देऊ नये. नाका-तोंडाभोवती फोड फुटून मधाच्या रंगाची खपली धरत असेल, तर तो इम्पेटिगो. तो एका टॉवेलवरून घरभर पसरतो. टॉवेल वेगळा ठेवा आणि औषध पुरतं घ्या. त्यानंतर काही दिवसांनी मुलाचा चेहरा सुजला किंवा लघवी लालसर झाली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. मूत्रपिंडाला सूज आलेली असू शकते.

डॉक्टर काय करतात?

पुष्कळदा नुसतं पाहून आणि चार प्रश्न विचारूनच निदान होतं. शंका असेल तर ताज्या फोडाचा तळ हलकेच खरवडून काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पेम्फिगससारखा संशय असेल तर कातडीचा लहानसा तुकडा तपासायला पाठवतात. जागा बधिर करूनच तो काढतात, त्याला भिऊ नये. पण या तपासणीला ताजा, न फुटलेला फोड लागतो. आपण तो फोडून, वर हळद किंवा गेरू थापून गेलो, तर डॉक्टरांनी बघायचं तरी काय?

तोवर घरी काय करायचं?

भाजलं असेल तर आधी हातातल्या बांगड्या आणि अंगठ्या काढा, कारण सूज चढल्यावर त्या निघत नाहीत. मग वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरा. बर्फ नको, तेल नको, शाई नको. फोड फोडू नका, वरचा पापुद्रा हीच त्याची पट्टी. आपोआप फुटला तर साबण-पाण्यानं धुऊन स्वच्छ कापड सैलसर बांधा. भाजलेली जागा तळहाताहून मोठी असेल, किंवा चेहऱ्यावर, हातावर, सांध्यावर असेल, तर घरगुती उपाय नकोतच.

आणि दवाखान्यात जाताना एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून न्या: कुठे, कधी, कसा दुखतो आणि आधी काय घडलं. घाईगर्दीत डॉक्टर विचारतात तेव्हा आपल्याला नेमकं आठवत नाही. घरात फोड पहिल्यांदा पाहणारी आपण, तेव्हा त्याची खरी हकिकतही आपल्याइतकी नीट दुसरं कोण सांगणार?