तलावाची तब्येत तळाला विचारा

रायपुरात पाहुणा आला की संध्याकाळी त्याला तेलीबांध्याला न्यायचं, हे ठरलेलंच. तलावाच्या या काठाला सगळे 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात. दिवे, खाण्यापिण्याची गर्दी आणि 82 मीटर उंच खांबावरचा तिरंगा, त्यामुळे माना वरच. तलावाची तब्येत मात्र कळते ती खालच्या गाळातून.

पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत दिली तर फक्त त्या घटकेचं पाणी कळतं. हिरव्या, शेवाळलेल्या तलावात तर ही फसगत हमखास होते. दुपारी उन्हात शेवाळ भरपूर ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच शेवाळ आणि गाळातले जिवाणू तो संपवतात. दुपारच्या अहवालात सगळं आलबेल, आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं वासतात. तळाशी राहणाऱ्या किड्यांना मात्र दुपार आणि पहाट दोन्ही काढाव्या लागतात. ज्यांना झेपत नाही ते उरत नाहीत.

चाळणीत गाळ धुऊन पांढऱ्या ट्रेमध्ये ओता आणि दोन मिनिटं थांबा. वळवळणारी लालभडक अळी कायरोनोमस या माशीची. शोभेच्या माशांच्या दुकानात ती 'ब्लडवर्म' म्हणून मिळते. तिचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असल्यामुळे अगदी थोड्या ऑक्सिजनवरही तिचं भागतं. ट्यूबिफेक्स गांडुळं डोकं गाळात खुपसून शेपटी पाण्यात हलवत राहतात. याउलट मेफ्लायच्या अळीच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना नाजूक कल्ले असतात. गाळ आणि घाण तिला सहसा मानवत नाही.

ब्रिटनमध्ये 1970च्या दशकात यावरूनच गुणांचा तक्ता तयार झाला. नाजूक कुळांना 10पर्यंत गुण, गांडुळांना 1. समजा ट्रेमध्ये चतुराची अळी (8), साधी मेफ्लाय (4), गोगलगाय (3), लाल अळी (2) आणि गांडूळ (1) सापडले. बेरीज 18, सरासरी 3.6. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हीच पद्धत भारतीय नद्यांसाठी बेतून घेतली आणि तिला विविधतेच्या मोजणीची जोड दिली. मला ती मोजणी फार आवडते, कारण तिला एकाही किड्याचं नाव माहीत असावं लागत नाही. ट्रेमधले जीव एकेक करून उचलायचे आणि आधीच्यापेक्षा वेगळा निघाला की खूण करायची. खुणांना एकूण जीवांच्या संख्येने भागायचं. शंभर लाल अळ्याच निघाल्या तर उत्तर जवळजवळ शून्य. शाळेतली मुलंही हे करू शकतात.

पण नदीचा तक्ता तलावाला जसाच्या तसा लावणं अन्यायाचं आहे. सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या स्टोनफ्लायला थंड, खळाळतं पाणी लागतं. छत्तीसगडच्या मैदानातल्या तलावात ती कितीही स्वच्छ पाण्यात सापडायची नाही. म्हणून तेलीबांध्याची तुलना डोंगरातल्या ओढ्याशी नको. नाल्याच्या तोंडाजवळचं पाणी आणि त्याच तलावाचा दूरचा काठ, किंवा पावसाळ्यानंतरचा नमुना आणि मे महिन्यातला, अशी हवी.

आणखी एक गोष्ट रसायनांच्या अहवालात कधीच दिसत नाही: काठ. चतुराची अळी पूर्ण वाढली की पाण्याबाहेर देठावर चढते, तिथे कात टाकते आणि पंख वाळवून उडते. टाचणी नावाच्या, चतुरासारख्याच किड्यांच्या बऱ्याच जाती तर अंडीच पाणवनस्पतींच्या देठात घालतात. पाणी उद्या निर्मळ झालं तरी सभोवार फरशी आणि भिंत असेल तर या मंडळींचा संसार थाटायचा कुठे? सुशोभीकरणात हा हिशेब कोणी धरत नाही, आणि हे फक्त रायपूरचं नाही. नागपूरपासून ठाण्यापर्यंत तलाव सुधारायचे म्हणजे काठ बांधून काढायचा, असंच समीकरण झालं आहे.

तुमच्या गावच्या तलावाचं काम निघालं तर नगरपालिकेकडे एवढं तरी मागा: कामाआधी आणि नंतर तळाच्या जीवांची मोजणी करा, आणि थोडा काठ मातीचा, लव्हाळ्याचा राहू द्या.